टाचेचा दाबव्रण : संज्ञा, प्रतिबंध आणि उपचार

१. विषय आणि त्याचे प्रयोजन

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या टाचेवर होणारी जखम हा विषय वस्तुतः वैद्यकाचा आणि परिचर्याशास्त्राचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक होय. त्याचे उत्तर या जखमेच्या स्वरूपातच आहे. ज्यांना ती होते त्यांपैकी पुष्कळांना आपली वेदना शब्दांत सांगता येत नाही. कोणाची वाचा पक्षाघाताने गेलेली असते, कोणाचे शब्द स्मृतिभ्रंशाने हरवलेले असतात, तर कोणाच्या पायाची संवेदनाच मधुमेहाने बोथट झालेली असते. अशा व्यक्तीच्या टाचेचे भवितव्य दुसऱ्यांच्या शब्दांवर अवलंबून राहते. रात्रपाळीच्या परिचारिकेने नोंदवहीत काय लिहिले, सकाळच्या सेविकेने त्याचा काय अर्थ घेतला आणि उशी ठेवण्याची सूचना कोणत्या शब्दांत दिली गेली, यांवर जखम होणे वा टळणे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून या विकाराचा प्रतिबंध आणि उपचार यांविषयी आज जे ज्ञात आहे ते मांडावे, आणि ते मांडताना कोणता शब्द कोठे साहाय्य करतो व कोठे दिशाभूल करतो हेही दाखवावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एका संज्ञेचा खुलासा केला पाहिजे. इंग्लंड-अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे ज्यांना नित्य शुश्रूषेची गरज आहे अशा, बहुधा वृद्ध, व्यक्तींचे दीर्घकालीन निवासस्थान. महाराष्ट्रात मात्र याच शब्दाने खाजगी रुग्णालयाचा, विशेषतः प्रसूतिगृहाचा, बोध होतो. १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी अधिनियमातही तो याच व्यापक अर्थाने आला असून मराठीतील ‘शुश्रूषागृह’ या प्रतिशब्दाने ही संदिग्धता दूर होत नाही. सबब, दीर्घकालीन निवासाच्या संस्थेसाठी या लेखात ‘वृद्धशुश्रूषागृह’ असा शब्द योजला आहे. या विषयाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास पाश्चात्त्य देशांतील, त्यातही अमेरिकेतील, अशाच संस्थांत झालेला असल्यामुळे पुढील विवेचनात त्यांचा निर्देश वारंवार येईल.

२. नावांचा इतिहास

या जखमेला युरोपीय वैद्यकात दीर्घकाळ ‘डेक्युबिटस’ असे नाव होते. ‘आडवे होणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून ते आले आहे. इंग्रजीतील ‘बेडसोर’ आणि मराठीतील ‘शय्याव्रण’ हे शब्दही त्याच जातीचे होत. या तिन्ही नावांत जखमेचे स्थळ वा प्रसंग सांगितलेला आहे; कारण सांगितलेले नाही. परिणामी ‘अंथरूण’ हेच जणू कारण, असा समज त्यांतून होतो. प्रत्यक्षात चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसलेल्या व्यक्तीची टाच पायपाटीवर टेकून राहिली, अथवा घट्ट बुटात अडकून राहिली, तरीही हीच जखम होते. ती व्यक्ती शय्येवर नाही, म्हणून तिच्या टाचेकडे पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

नावातील ही उणीव केवळ शब्दापुरती नव्हती. तिच्यामागे कारणाविषयीचा खराखुरा मतभेद होता. फ्रेंच वैद्य शार्को याने १८७० च्या दशकात असे प्रतिपादन केले की मेंदूच्या वा मज्जारज्जूच्या विकारात मज्जातंतूंच्या बिघाडामुळेच ऊतकांचा नाश होतो आणि अशी जखम हे मृत्यूचे पूर्वचिन्ह होय. हे मत मान्य केले तर शुश्रूषेला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. याउलट ब्राउन-सेकार याने १८५० च्या दशकातच प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते की मज्जारज्जू छेदलेला असला तरी शरीरावर दाब येऊ न दिल्यास आणि त्वचा स्वच्छ ठेवल्यास व्रण होत नाहीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनेही १८५९ च्या आपल्या परिचर्याविषयक पुस्तकात या जखमांचा दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो, असे मत नोंदवले. सर जेम्स पॅजेट याने १८७३ मध्ये दाबामुळे होणारा ऊतकांचा मृत्यू अशीच या विकाराची मांडणी केली. ‘प्रेशर सोअर’, ‘प्रेशर अल्सर’ ही नावे पुढे रूढ झाली, त्यांमागे हा कारणविचार आहे. मराठीत ‘दाबव्रण’ हा शब्द त्यामुळेच ‘शय्याव्रण’ या शब्दाहून अधिक उपयुक्त ठरतो. दाबाचे नाव घेताच दाब दूर करण्याचा विचार ओघानेच येतो.

तथापि ‘दाबव्रण’ या समासाचे उत्तरपदही निर्दोष नाही. सुश्रुतसंहितेच्या परंपरेत ‘व्रण’ म्हणजे जखम. परंतु आजच्या बोलीत ‘व्रण राहिला’ असे आपण म्हणतो ते जखम भरून आल्यावर उरलेल्या खुणेसंबंधी. घरच्या माणसाला ‘टाचेवर व्रण आहे’ असे सांगितले तर त्याला जुनी, बरी झालेली जखम अभिप्रेत वाटण्याचा संभव आहे. इंग्रजीतही उत्तरपदाविषयी अशीच अडचण निर्माण झाली, मात्र तिचे कारण निराळे होते. विकाराच्या आरंभी कातडी अभंग असते, मग त्याला ‘अल्सर’ कसे म्हणावे? या कारणास्तव अमेरिकेतील राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये ‘अल्सर’ऐवजी ‘इंज्युरी’, म्हणजे इजा, हा शब्द स्वीकारला आणि २०१९ मध्ये स्वतःच्या नावातही तसा बदल केला. युरोपीय मंडळाने मात्र जुनेच नाव कायम ठेवले. ‘इजा’ म्हटले की ती कोणीतरी केली असा ध्वनी निघतो आणि न्यायालयात त्याचा उपयोग होऊ शकतो, असा आक्षेप या बदलावर घेतला गेला. प्रस्तुत लेखात ‘दाबव्रण’ हा शब्द कातडी न फुटलेल्या आरंभीच्या अवस्थेसह संपूर्ण विकारासाठी वापरला आहे.

३. टाचच का?

दाबव्रणांच्या स्थानांत कंबरेखालील त्रिकास्थीचा भाग प्रथम, आणि त्याखालोखाल टाच, असा क्रम सामान्यतः आढळतो. ज्या अवयवावर मनुष्य आयुष्यभर उभा राहिला त्याला केवळ पडून राहण्याने इजा व्हावी हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. उलगडा शरीररचनेत आहे. उभे राहताना भार टाचेच्या तळाशी येतो. तेथे चरबीची जाड गादी असून तंतुमय पडद्यांनी तिचे लहान लहान कप्पे केलेले असतात. भार पेलण्यासाठीच ती घडलेली आहे. उताणे निजल्यावर मात्र भार टाचेच्या मागील बाजूवर येतो. तेथे कातडी आणि टाचेचे हाड यांच्यामध्ये चरबीचा थर अगदी थोडा असतो. हाड गोलसर असल्यामुळे गादीशी त्याचा स्पर्श लहानशा जागी होतो, आणि भार तोच असता क्षेत्र जितके लहान तितका दाब अधिक, या नियमाने तेथे दाब एकवटतो.

या दाबाचे परिणाम दोन प्रकारचे असतात. पहिला रक्तपुरवठ्याचा. केशवाहिन्या दबल्या की ऊतकांना प्राणवायू मिळेनासा होतो. लँडिस याने १९३० मध्ये बोटाच्या नखाजवळील केशवाहिन्यांतील रक्तदाब मोजला. त्यातून निघालेला ३२ मिलिमीटर पारा हा आकडा पुढे सर्व शरीरासाठी जणू सीमारेषा म्हणून उद्धृत होऊ लागला. परंतु निरोगी माणसाच्या बोटाचे माप वृद्धाच्या आजारी टाचेला लावणे युक्त नव्हे. कोसियाक याने १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की दाब आणि काळ यांचे नाते व्यस्त आहे. थोडा वेळ पडलेला मोठा दाब जी हानी करतो तीच दीर्घकाळ राहिलेला लहान दाबही करू शकतो. दुसरा परिणाम प्रत्यक्ष पेशींवरील. दाबाखाली पेशींचा आकार दीर्घकाळ विकृत राहिला तर रक्तपुरवठ्याचा प्रश्न बाजूला ठेवूनही त्या मरतात, असे अलीकडील संशोधनाने दाखवले आहे. ही हानी पुष्कळदा हाडालगत सुरू होते आणि कातडीवर तिचा रंग ४८ ते ७२ तासांनी उमटतो. आज सकाळी दिसलेला जांभळा डाग हा म्हणून आज सकाळचा नसतो. ज्या दिवशी तो दिसला त्याच दिवशीच्या सेविकेला जबाबदार धरणे यामुळेच अनेकदा अन्यायाचे ठरते.

दाबाखेरीज घर्षण आणि कर्तनबल ही दोन कारणे टाचेच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहेत. पलंगाचा डोक्याकडील भाग उंच केला की शरीर खाली घसरते. कातडी चादरीला धरून राहते आणि आतील हाड पुढे सरकते. मधल्या थरांवर जो ताण येतो तेच कर्तनबल. वर सरकण्यासाठी रुग्ण पुन्हा टाचाच रोवतो. अस्वस्थ, गोंधळलेल्या वृद्धाच्या टाचा तर चादरीवर अखंड घासत असतात. ‘टाचा घासणे’ हा मराठी वाक्प्रचार मरणप्राय यातनांत खितपत पडण्याच्या अर्थी येतो. आजाऱ्याच्या अंथरुणाशेजारी बसलेल्या कोणाचे तरी प्रत्यक्ष निरीक्षण त्याच्या मुळाशी असावे, असे मानण्यास हरकत नाही.

कोणाला धोका अधिक, हे ठरवण्यासाठी गुणांकनाच्या पद्धती आहेत. डोरीन नॉर्टन हिने १९६२ मध्ये इंग्लंडमधील वृद्ध रुग्णांच्या अभ्यासातून शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींचे २० गुणांचे कोष्टक मांडले. त्यात १४ वा त्याहून कमी गुण धोक्याचे मानले जात. ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम यांच्या १९८७ मधील कोष्टकात संवेदना, ओलावा, पोषण आणि घर्षण-कर्तन यांचाही विचार आहे. तथापि ही कोष्टके संपूर्ण शरीराची आहेत. टाचेसाठी त्यांच्या जोडीला स्वतंत्रपणे पाहावयाच्या गोष्टी म्हणजे मधुमेह, पायाच्या रोहिण्यांचा अरुंदपणा, पायावरील सूज, पक्षाघाताने लुळा पडलेला पाय आणि खुब्याचे मोडलेले हाड. खुबा मोडलेली व्यक्ती वेदनेच्या भयाने तो पाय हलवीतच नाही, आणि त्याच पायाची टाच तासन्‌तास एका जागी राहते.

४. ‘लाली’ या शब्दाची मर्यादा

विकाराची पहिली अवस्था म्हणजे अभंग कातडीवरील, बोटाने दाबले असता न जाणारी लाली, अशी व्याख्या सर्वत्र दिली जाते. बोट दाबून उचलल्यावर जागा क्षणभर फिकी पडली तर तेथील रक्तप्रवाह शाबूत आहे. ती लालच राहिली तर हानीला आरंभ झाला आहे. कसोटी सोपी व उपयुक्त आहे. परंतु ‘लाली’ हा शब्द गोऱ्या कातडीवरून घेतलेला आहे. सावळ्या वा काळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही आणि ती दाबाने फिकी पडलेलीही ओळखू येत नाही. अमेरिकेतील अभ्यासांत कृष्णवर्णीय रुग्णांत पहिल्या अवस्थेची नोंद तुलनेने कमी आणि पुढील, अधिक खोल अवस्थांची नोंद अधिक आढळली आहे. सुरुवात त्यांच्यातही होतच होती. जो रंग शोधण्यास पाहणाऱ्याला शिकवले होते, तो रंग त्या कातडीवर उमटत नव्हता.

हा मुद्दा आपल्याकडे विशेष लागू पडतो. आपल्याकडील बहुसंख्य वृद्धांच्या टाचेची कातडी सावळी, शिवाय अनवाणी चालण्याने जाड आणि भेगाळलेली असते. ‘टाच लाल झाली का?’ असा प्रश्न विचारला तर ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरेल. त्याऐवजी विचारावयाचे प्रश्न असे : दोन्ही टाचा शेजारी शेजारी पाहिल्या असता एकीचा रंग दुसरीहून गडद, जांभळट वा काळपट आहे काय? हाताच्या मागील बाजूने स्पर्श केल्यावर एक टाच दुसरीहून गरम वा गार लागते काय? दाबल्यावर ती जागा सभोवतालच्या भागाहून घट्ट, किंवा उलट पिकल्या फळासारखी मऊ, लागते काय? हात लावताच रुग्ण पाय ओढून घेतो वा चेहरा वेडावाकडा करतो काय? शेवटचा प्रश्न वाचा गमावलेल्या रुग्णाच्या बाबतीत सर्वांत मोलाचा आहे, कारण तेवढीच त्याची भाषा उरलेली असते.

हे निरीक्षण दिवसातून किमान एकदा, मोजे काढून, चांगल्या उजेडात आणि पाय उचलून व्हावे लागते. टाचेची मागील बाजू उताण्या रुग्णात कोणालाही समोरून दिसत नाही. रक्ताने भरलेला फोड अथवा जांभळा डाग दिसल्यास, कातडी अभंग असली तरी, खोल ऊतकाची इजा समजून त्वरित उपाय योजावा.

५. प्रतिबंध : टाच अधांतरी ठेवणे

टाचेच्या प्रतिबंधाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : टाच कशावरही टेकू नये. शरीराच्या इतर भागांसाठी दाब विभागून देणारी गादी हे मुख्य साधन आहे. टाचेचे क्षेत्र इतके लहान असते की उत्तम प्रतीच्या फोमच्या वा हवेच्या गादीनेही तेथील दाब पुरेसा उतरत नाही. कूस बदलण्याचेही तसेच. उताण्याचा कुशीवर केला की टाचेच्या मागच्या भागाऐवजी बाहेरची बाजू आणि घोटा दबतो. म्हणून टाचेसाठी स्वतंत्र उपाय लागतो.

तो उपाय असा. पोटरीच्या संपूर्ण लांबीखाली उशी द्यावी, जेणेकरून पायाचा भार पोटरीवर पसरेल. उशी घोट्याच्या वरच संपावी आणि टाच तिच्या कडेपलीकडे हवेत राहावी. उशी केवळ घोट्याजवळ दिली तर पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या कंडऱ्यावर दाब येऊन तेथेच नवी जखम होते. गुडघा ५ ते १० अंश वाकलेला असावा. तो ताठ वा मागे झुकलेला राहिल्यास गुडघ्यामागील नीला दबून रक्त साखळण्याचा धोका संभवतो. पाऊल बाहेरच्या बाजूस कलले नाही ना, हेही पाहावे. शेवटी टाच आणि गादी यांच्यामधून हात फिरवून पाहावा. तो कोठेही न अडता गेला, तरच टाच अधांतरी आहे. जो रुग्ण पाय स्थिर ठेवीत नाही, उशी लाथाडतो, अथवा ज्याचा पाय आखडत चालला आहे, त्याच्यासाठी टाच मोकळी ठेवणारे खास बूट मिळतात. तेही दिवसातून निदान दोनदा काढून खालची त्वचा तपासावी लागते.

येथे मराठीची एक लकब अडचणीची ठरते. इंग्रजीत ‘लेग’ आणि ‘फुट’ हे दोन शब्द आहेत. आपला ‘पाय’ मांडीपासून बोटांपर्यंत सर्वांना पुरतो. ‘पायाखाली उशी द्या’ ही सूचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; परंतु ती ऐकणारी सेविका उशी टाचेखाली ठेवील की पोटरीखाली, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. टाचेखाली मऊ उशी ठेवणे हे तर दयाबुद्धीला सहज सुचणारे कृत्य आहे, आणि नेमके तेच टाळावयाचे आहे. सूचना देताना ‘पाय’ हा शब्द वर्ज्य करून ‘पोटरीखाली उशी, टाच हवेत’ असे म्हणावे. नोंदवहीतही ‘उशी दिली’ असे न लिहिता ‘दोन्ही टाचा मोकळ्या, हात फिरवून पाहिले’ असे लिहावे. पहिल्या वाक्यात साधनाची नोंद आहे, दुसऱ्यात परिणामाची. पुढच्या पाळीला उपयोग परिणामाच्या नोंदीचा होतो.

काही रूढ उपाय त्याज्य ठरले आहेत. टाचेभोवती घालावयाची रबरी वा कापसाची वलये कडांवर दाब आणून मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी करतात. पाण्याने भरलेले हातमोजे अथवा सलाइनच्या पिशव्या टाचेखाली ठेवण्याची युक्तीही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात निषिद्ध मानलेली आहे. लाल झालेल्या जागी जोराने चोळणे तर निश्चितच हानिकारक. याउलट धोक्यातील टाचेवर सिलिकॉनचा अनेक पदरी मऊ फोम प्रतिबंधासाठी लावणे २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने उपयुक्त मानले आहे. तथापि तो टाच मोकळी ठेवण्याला पर्याय नव्हे, आणि तो उचलून खालची त्वचा रोज पाहिली पाहिजे. पलंगाचा डोक्याकडील भाग, अन्न भरवणे वा श्वासाचा त्रास यांसारखे कारण नसल्यास, ३० अंशांहून अधिक उंच ठेवू नये.

कूस किती तासांनी बदलावी? ‘दर दोन तासांनी’ हा नियम शुश्रूषेच्या शिक्षणात फार दृढ आहे. बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडा येथील २७ वृद्धशुश्रूषागृहांतील ९४२ निवाशांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. चांगल्या प्रतीच्या फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्या गटांत दाबव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. इंग्लंडच्या २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनाने धोक्यातील प्रौढांसाठी निदान सहा तासांनी आणि अधिक धोक्यातील प्रौढांसाठी निदान चार तासांनी स्थिती बदलावी, असे म्हटले आहे. यावरून ढिलाईची मुभा मिळते असे नव्हे. गादी साधी असेल, अथवा त्वचेवर खुणा दिसू लागतील, तर अंतर कमीच केले पाहिजे. घड्याळापेक्षा त्वचेचे निरीक्षण प्रमाण मानावे, एवढाच त्याचा इत्यर्थ.

६. उपचार

व्रण झाल्यावरही पहिला उपचार प्रतिबंधाचाच, म्हणजे टाच पूर्णपणे मोकळी करणे. त्यावाचून कोणतेही मलम वा पट्टी फलदायी होत नाही. दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची परीक्षा. पावलाच्या पाठीवरील आणि आतील घोट्यामागील नाडी लागते का हे पाहावे. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबांचे गुणोत्तर काढावे. ते ०.९ हून कमी असल्यास रोहिण्या अरुंद झाल्याचे समजतात. मधुमेही वृद्धांत रोहिण्या कठीण झाल्यामुळे हे गुणोत्तर फसवे मोठे येऊ शकते, अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब मोजावा लागतो. रक्तच पोचत नसेल तर जखम भरणार नाही, आणि तेथे रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाचा सल्ला आवश्यक ठरतो.

जखम ओलसर ठेवल्यास लवकर भरते, हे जॉर्ज विंटर याने १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले आणि आधुनिक पट्ट्यांचे शास्त्र त्यावर उभे राहिले. मृत ऊतक काढून टाकावे, हाही सर्वसाधारण नियम. परंतु टाचेला या दोन्ही नियमांचा एक महत्त्वाचा अपवाद आहे. टाचेवर काळी, कोरडी, घट्ट चिकटलेली, अखंड खपली असेल आणि भोवती लाली, सूज, ओलावा वा खाली द्रव असल्याची डुचमळ नसेल, तर ती काढू नये, भिजवू नये, मऊ करू नये. ती देहाचे नैसर्गिक आच्छादनच होय. रक्तपुरवठा तुटपुंजा असता ती काढणे म्हणजे जंतूंना हाडापर्यंत वाट करून देणे. मात्र ती रोज पाहिली पाहिजे. कडा सुटू लागल्या, पू वा दुर्गंधी आली, भोवतालचा भाग गरम झाला, किंवा खपली मऊ पडली, तर तातडीने वैद्यकीय उपाय योजावे लागतात. या स्थितीत संसर्ग टाचेच्या हाडात शिरू शकतो, आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते.

उघड्या जखमेसाठी स्वच्छ पाण्याने वा सलाइनने धुणे, स्रावाच्या प्रमाणानुसार पट्टी निवडणे, आणि पट्टी बदलण्यापूर्वी वेदनाशामक देणे हा क्रम होय. आहाराकडे दुर्लक्ष होऊ नये. कुपोषित वा कुपोषणाच्या धोक्यातील प्रौढाला प्रतिदिनी शरीराच्या दर किलो वजनामागे ३० ते ३५ किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्याच्या सल्ल्याने त्यात फेरफार करावा. अखेरच्या दिवसांतील रुग्णाच्या बाबतीत जखम भरणे हे उद्दिष्टच राहत नाही. वेदना, दुर्गंधी आणि वारंवार हलवण्याचा त्रास कमी करणे हे तेथे युक्त उद्दिष्ट होय, आणि ते नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

७. ‘टप्पा’ की ‘श्रेणी’?

दाबव्रणांची चार पायऱ्यांची वर्गवारी शे याने १९७५ मध्ये मांडली आणि अमेरिकी मंडळाने १९८९ मध्ये तिच्या धर्तीवर आपली वर्गवारी प्रसृत केली. आजच्या रूपात पहिलीत त्वचा अभंग. दुसरीत त्वचेची अंशतः हानी वा द्रवाने भरलेला फोड. तिसरीत चरबीपर्यंत पोचलेली जखम. चौथीत स्नायू, कंडरा वा हाड उघडे. मृत ऊतकाने तळ झाकलेला असेल तर ‘अनिश्चित’, आणि अभंग त्वचेखालील जांभळ्या डागासाठी ‘खोल ऊतकाची इजा’ असे दोन वर्ग आहेत. अमेरिकेत या वर्गांना ‘स्टेज’ म्हणतात. प्रवासातील टप्प्याप्रमाणे या शब्दातून क्रम सूचित होतो : आधी पहिला, मग दुसरा. टाचेची जखम मात्र आत, हाडालगत सुरू झालेली असू शकते आणि एकदम चौथ्या वर्गात प्रकट होते. आदल्या तीन नोंदी नाहीत, म्हणजे कोणीतरी लपवल्या, असा संशय मग अकारण उत्पन्न होतो. हा क्रमाचा ध्वनी टाळण्यासाठीच २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ‘कॅटेगरी’ हा पर्याय स्वीकारला गेला. मराठीतही ‘टप्पा’ वा ‘अवस्था’ यांपेक्षा ‘श्रेणी’ हा शब्द श्रेयस्कर.

याच रूपकाने उलट दिशेनेही घोटाळा केला. अमेरिकी वृद्धशुश्रूषागृहांना प्रत्येक निवाशाची स्थिती ‘मिनिमम डेटा सेट’ या विहित तक्त्यात नोंदवावी लागते. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत भरत आलेल्या चौथ्या श्रेणीच्या जखमेला तिसरी, मग दुसरी, असे उलटे क्रमांक देण्याची पद्धत होती. वस्तुतः नष्ट झालेला स्नायू वा चरबी पुन्हा उत्पन्न होत नाही. ती पोकळी दुबळ्या दाणेदार ऊतकाने व वणाने भरते. ‘दुसरी श्रेणी’ असे वाचणाऱ्याला तेथील धोका कमी वाटतो आणि टाच पुन्हा गादीवर टेकते. २०१० मध्ये अमलात आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही उलटी गणना बंद केली. ‘भरत असलेला, चौथ्या श्रेणीचा’ असे म्हणणे हाच शुद्ध प्रयोग होय.

८. समारोप

वरील विवेचनाचे सार चार सूचनांत सांगता येईल. पहिली : नाव कारण सांगणारे असावे, ‘शय्याव्रण’ याहून ‘दाबव्रण’ बरे, आणि घरच्यांशी बोलताना ‘दाबामुळे होणारी जखम’ असे स्पष्ट म्हणावे. दुसरी : तपासणीच्या प्रश्नांत लालीबरोबर गडदपणा, उष्णता, घट्टपणा आणि वेदना यांचा समावेश असावा. तिसरी : उशीविषयीच्या सूचनेत पोटरी आणि टाच यांची वेगवेगळी नावे घ्यावीत. चौथी : नोंदीत केलेल्या कृतीबरोबर तिचा परिणाम, आणि जखमेची मूळ श्रेणी, लिहावी.

सर्वच दाबव्रण टाळता येतात असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. मरणोन्मुख देहाची त्वचा उत्तम शुश्रूषेतही कधी कधी टिकत नाही. परंतु टाचेचा व्रण इतर स्थानांच्या व्रणांहून या बाबतीत निराळा आहे. देहाचा भार त्रिकास्थीवरून पूर्णपणे काढून घेणे दुष्कर असते, टाच मात्र एका उशीने हवेत राहू शकते. महाराष्ट्रात वृद्धांची बहुतांश शुश्रूषा आजही घरीच, सुनांच्या, मुलींच्या वा पगारी सेविकांच्या हातून होते. वृद्धाश्रमांतही प्रशिक्षित परिचारिका सर्वत्र असतातच असे नाही. या मंडळींपर्यंत हे ज्ञान मराठीतूनच पोचावयाचे आहे. परिभाषेचे काम करणाऱ्यांनी कोशातील प्रतिशब्दाबरोबरच पलंगाशेजारी उच्चारल्या जाणाऱ्या वाक्याचाही विचार करावा आणि परिचारिकांच्या साहाय्याने अशा वाक्यांचा एक लहानसा संग्रह सिद्ध करावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी हा विषय घेता येईल.